बुरशी : शेतापासून खलापर्यंत

आषाढ सरत आला की औषधी-भांडाराचे दार उघडताच येणारा तो कुबट, ओलसर वास आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. सुंठीच्या पोत्यात हात घातला तर बोटांना राखाडी भुकटी लागते, ज्येष्ठमधाच्या काड्यांवर निळसर-हिरवा थर दिसतो, मनुका एकमेकींना चिकटून त्यांवर पांढरे तंतू पसरलेले आढळतात. अशा वेळी सर्वसाधारण प्रघात असा, की द्रव्य अंगणात पसरावे, फडक्याने पुसावे, दोन कडक उन्हे द्यावीत आणि पुन्हा पोत्यात भरून ठेवावे. आमच्याही हातून पूर्वी हेच होत असे.

काही वर्षांपूर्वी अशाच एका पावसाळ्यात श्रावणातील दुर्मिळ ऊन गाठून आम्ही सुंठीचे एक पोते वाळत घातले होते. चिकित्सेसाठी आलेले एक आले-उत्पादक शेतकरी ओट्यावर बसले होते. त्यांनी एक तुकडा उचलला, मोडला, आतला भाग नखाने कुरतडून पाहिला आणि म्हणाले, "वैद्यबुवा, ह्यो माल तुमच्या कोठीत नाही बिघडलेला. कंद रानातच कुजला होता, वरनं वाळवलाय नुसता." तुकड्याचा बाह्यभाग पुसून स्वच्छ केलेला होता, गाभा मात्र काळपट-करडा होता. ज्या रुग्णासाठी त्या दिवशी त्रिकटु चूर्ण बांधावयाचे होते, तो जीर्ण यकृत्-विकाराचा रुग्ण होता. ते पोते आम्ही वापरले नाही. परंतु त्यापूर्वीच्या वर्षांत अशी किती पोती 'ऊन देऊन' वापरली गेली असतील, हा प्रश्न त्या दिवसापासून आमची पाठ सोडीत नाही.

प्रस्तुत लेखाचे प्रयोजन त्या प्रश्नात आहे. बुरशी हा केवळ साठवणीचा दोष आहे असे आपण मानतो. वस्तुतः तिचा आरंभ अनेकदा शेतात, झाडावर किंवा वाळवणीच्या खळ्यावर होतो आणि आपल्या भांडारात ती फक्त दृश्य होते. शिवाय बुरशी पुसता येते, पण तिने द्रव्यात सोडलेले विष पुसता येत नाही. या दोन गोष्टी ध्यानी आल्या म्हणजे द्रव्यपरीक्षणाची आपली रीत कोठे अपुरी पडते, हे आपोआप स्पष्ट होते.

शास्त्रकारांची दृष्टी

द्रव्याची परीक्षा त्याच्या जन्मभूमीपासून करावी, हा विचार आपल्या शास्त्राला नवा नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात भूमीच्या परीक्षणाला स्वतंत्र अध्याय दिला आहे. कृमी, विष, शस्त्र, आतप, पवन, अग्नी व जल यांनी उपहत न झालेली वनस्पतीच ग्रहण करावी, असा तेथील अभिप्राय आहे. चरकाचार्यांनी कल्पस्थानाच्या पहिल्या अध्यायात द्रव्यसंग्रहाचा देश, काळ व विधी सांगून भेषजागाराचेही वर्णन केले आहे. त्याचे दार पूर्वेस किंवा उत्तरेस असावे. त्यात वारा न लागणारा आणि वारा खेळणारा असे दोन्ही भाग असावेत. अग्नी, पाणी, दमट वाफ, धूर, धूळ, उंदीर आणि चतुष्पाद प्राणी यांचा तेथे प्रवेश होऊ नये. द्रव्ये नीट झाकून शिंक्यांवर टांगून ठेवावीत. दमट वाफेचा हा स्वतंत्र उल्लेख आजच्या कोठारशास्त्राच्या दृष्टीनेही अत्यंत मार्मिक आहे. पाणी गळत नसतानाही हवेतील ओलावा द्रव्य बिघडवितो, हे त्या काळी निरीक्षणाने जाणले गेले होते.

वनस्पतींनाही व्याधी होतात व त्यांवर चिकित्सा करावी लागते, हेही आपल्याकडे मान्य होते. वराहमिहिराच्या बृहत्संहितेतील वृक्षायुर्वेदाच्या अध्यायात थंडी, वारा व ऊन यांमुळे झाडाला रोग होतो असे सांगून पाने पिवळी पडणे, अंकुर न वाढणे, फांद्या वाळणे आणि रस पाझरणे ही लक्षणे दिली आहेत. विकृत भाग शस्त्राने काढून टाकून तेथे विडंग, तूप व चिखल यांचा लेप द्यावा, हा तेथील उपचार आहे. सुरपालाच्या वृक्षायुर्वेदात तर वृक्षांचे रोग वात-पित्त-कफ अशा विभागणीनेच वर्णिले आहेत. ज्या परंपरेने झाडाकडे रुग्ण म्हणून पाहिले, त्या परंपरेच्या वैद्याने रोगी झाडाचे मूळ वा फळ डोळे झाकून खलात घालावे, हे विसंगत आहे.

वनस्पतीस रोग कसा जडतो

बुरशीला हरितद्रव्य नसते. स्वतःचे अन्न स्वतः तयार करता येत नसल्याने ती जिवंत किंवा मृत सेंद्रिय पदार्थावर जगते. तिचे बीजाणू वाऱ्याने, पावसाच्या तुषारांनी, मातीतून व बेण्यातून पसरतात. पानावर काही तास पाण्याचा पातळ थर टिकला, तर बहुतेक बीजाणू रुजतात आणि त्यांचा सूक्ष्म तंतू पर्णरंध्रातून, जखमेतून किंवा सरळ त्वचा भेदून आत शिरतो. म्हणूनच ढगाळ हवा, रिमझिम पाऊस आणि दाट लागवड ही रोगाची त्रयी होय.

आपल्या शेतकऱ्यांनी या रोगांना दिलेली नावे लक्षणांवरून पडलेली आहेत व ती प्रत्येक वैद्याने जाणून घ्यावीत. पानावर पीठ शिंपडल्यासारखा पांढरा थर येतो ती भुरी. तिला पानावर पाणी साचण्याचीही आवश्यकता नसते. वरच्या बाजूस पिवळट, तेलकट ठिपके व खालच्या बाजूस पांढरी लव येते तो केवडा. गंजाच्या रंगाचे फोड म्हणजे तांबेरा. दाण्याच्या जागी काळी भुकटी भरते ती काणी. पाने करपल्यासारखी होतात तो करपा. उभे झाड अकस्मात कोमेजते ती मर. फ्युजेरियम या बुरशीमुळे होणाऱ्या मर रोगात ती झाडाच्या जलवाहिन्यांत शिरून त्या बंद करते. मुळाशी पाणी असूनही शेंड्याला मिळत नाही. आपल्या परिभाषेत बोलावयाचे तर हा शुद्ध स्रोतोरोध आहे.

येथे एक शास्त्रीय सूक्ष्मभेद नोंदविणे इष्ट होईल. आल्याची कंदकूज घडविणारा पिथियम, सुपारीचा कोळेरोग घडविणारा फायटोफ्थोरा आणि द्राक्षावरील केवडा घडविणारा जीव हे आधुनिक वर्गीकरणात खऱ्या बुरशीत मोडत नाहीत. त्यांचा गट वेगळा आहे. परंतु त्यांचे वर्तन बुरशीसारखेच असल्याने व्यवहारात त्यांचा विचार एकत्रच केला जातो व आम्हीही तो तसाच करीत आहोत.

आपल्या नित्य वापरातील द्रव्ये

सुंठ : आल्याच्या ताज्या कंदात सुमारे ८० टक्के पाणी असते आणि सुंठीत ते १० ते १२ टक्क्यांपर्यंत खाली यावे लागते. पाणी साचणाऱ्या जमिनीत कंदकूज झाली की कंद मऊ पडतो, त्याला दुर्गंधी येते व हाताने दाबल्यास तो पिचतो. पूर्ण कुजलेला कंद कोणी वाळवीत नाही. अर्धवट लागण झालेला मात्र चांगल्या मालात मिसळून वाळविला जातो. ज्या कंदाची त्वचा रोगाने किंवा जखमेने फाटली, त्यात नंतर इतर बुरशींना मोकळे द्वार मिळते. चुन्यात घोळून पांढरी केलेली सुंठ दिसण्यास आकर्षक असते. पण त्या पांढरेपणाखाली डाग लपतात. म्हणून सुंठ मोडून गाभा पाहिल्यावाचून घेऊ नये.

हळद : सांगली परिसराच्या या पिकास पानावरील करपा आणि जमिनीतील कंदकूज असे दोन्ही रोग त्रास देतात. हळकुंड उकळल्याने पृष्ठभागावरील जंतूंचा बराचसा नाश होतो. परंतु त्यानंतरचे दहा-पंधरा दिवस ते ओलसर अवस्थेत खळ्यावर असते व तेथेच पुन्हा लागण होते. मातीच्या खळ्यापेक्षा स्वच्छ काँक्रीटचे खळे किंवा ताडपत्री बरी, ती याच कारणाने. सांगलीजवळच्या हरिपूर येथील हळदीची पेवे प्रसिद्ध होती. जमिनीखालच्या या बंदिस्त पेवांत प्राणवायू अल्प राहत असल्याने कीड व बुरशी यांना वाढता येत नसे. मात्र पूर्ण वाळलेला माल आणि कोरडे पेव ही त्याची पूर्वअट होती. २००५ च्या महापुरात पाणी शिरून या पेवांतील हळदीची मोठी हानी झाली, ती ही अट मोडल्यामुळेच.

सुपारी : कोकण व गोव्यातील बागाईतदारांना कोळेरोग नवा नाही. संततधार पावसात हिरव्या फळांवर पाणी भिजल्यासारखे डाग पडतात, पांढरे तंतू येतात व फळे गळतात. पावसापूर्वी घोसांवर बोर्डो मिश्रण फवारणे किंवा घोस झाकणे, हा रूढ उपाय आहे. गळालेली फळे गोळा करून नष्ट करणे हे तितकेच महत्त्वाचे. परंतु तीच फळे वाळवून स्वस्त दरात बाजारात येण्याची शक्यता औषधनिर्मात्याने नेहमी लक्षात ठेवावी.

जायफळ : याची फळे ऐन पावसाळ्यात पिकून उकलतात व बी ओल्या जमिनीवर पडते. एक-दोन दिवस ते तसेच राहिले तरी कवच व जायपत्री यांमध्ये बुरशी शिरते. युरोपीय संघाने जायफळ, सुंठ, हळद, मिरी व मिरची या मसाल्यांतील एकूण अफ्लाटॉक्सिनची मर्यादा एका किलोस १० मायक्रोग्रॅम इतकी ठेवली आहे. ही पाचही द्रव्ये आपल्या भांडारात असतात, हे सांगणे न लगे. रोजच्या रोज वेचलेले व कृत्रिम उष्णतेने वाळविलेले जायफळ महाग पडते. परंतु लहान बालकांना उगाळून दिल्या जाणाऱ्या द्रव्याच्या बाबतीत ही काटकसर करू नये.

ज्येष्ठमध : हे मूळ आपल्याकडे बहुतांशी परदेशांतून येते, दीर्घ प्रवास व दीर्घ साठवण त्याच्या वाट्यास येते. त्यातील गोडव्यामुळे ते ओलावा लवकर धरते. ऑक्रेटॉक्सिन नावाचे, मुख्यतः वृक्कांस अपाय करणारे बुरशीजन्य विष या मुळात आढळते व त्यासाठीही युरोपात स्वतंत्र मर्यादा आहे.

आवळा व द्राक्षे : आवळ्यावरील तांबेऱ्याने फळांवर काळपट फोड येतात, काढणीच्या वेळी ठेच लागलेल्या फळांवर निळी बुरशी धरते. च्यवनप्राशासाठी आवळे उकडताना असे एक फळ शंभर चांगल्या फळांत सहज मिसळून जाते, म्हणून निवड उकडण्यापूर्वीच व्हावी. बेदाणा वाळत असताना अवकाळी पाऊस आला तर मण्यांवर काळी बुरशी येते. द्राक्षासवासाठी 'नाहीतरी संधान होणारच' अशा विचाराने हलका बेदाणा घेणे सर्वथा अयोग्य होय.

विषाची कथा

१९६० मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी काही महिन्यांत मृत्युमुखी पडले. कारण सापडेना म्हणून त्या रोगाला 'टर्की एक्स' असे नाव देण्यात आले. पुढे शोध घेता ब्राझीलमधून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीत अस्परजिलस फ्लेव्हस या पिवळसर-हिरव्या बुरशीने निर्माण केलेले विष सापडले. बुरशीच्या नावाची आद्याक्षरे घेऊन त्यास अफ्लाटॉक्सिन म्हटले गेले.

ही घटना दूरदेशीची व पक्ष्यांची म्हणून सोडून देण्यासारखी नाही. १९७४ च्या उत्तरार्धात गुजरातमधील पंचमहाल व राजस्थानातील बांसवाडा या शेजारच्या आदिवासी जिल्ह्यांत कामला व जलोदराची साथ उद्भवली. नोंदलेल्या ३९७ रुग्णांपैकी १०६ दगावले. त्या घरांतील कुत्र्यांनाही तीच लक्षणे दिसत होती. साथीचे कारण विषाणू नव्हता. पीक हाताशी आले असताना अवकाळी पाऊस झाला, मका भिजला, नीट वाळला नाही आणि दुसरे धान्य नसल्याने तोच बुरशी आलेला मका लोकांनी आठवडेच्या आठवडे खाल्ला. तीस वर्षांनी, २००४ मध्ये, केनियात अगदी याच रीतीने मक्यामुळे ३१७ जण आजारी पडले व त्यांतील १२५ मरण पावले.

मोठ्या मात्रेने अशी तीव्र विषबाधा होते. अल्प मात्रा दीर्घकाळ गेल्यास यकृताचा कर्करोग संभवतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने अफ्लाटॉक्सिनची गणना मानवात निश्चितपणे कर्करोगकारक ठरलेल्या द्रव्यांत केली आहे. ज्याच्या शरीरात 'हिपॅटायटिस बी'चा विषाणू ठाण मांडून आहे, त्याच्या बाबतीत हा धोका कैक पटींनी वाढतो. यकृत्-विकाराचे असेच रुग्ण मोठ्या विश्वासाने आपल्याकडे येतात आणि महिनोन्महिने औषध घेतात. अल्प वीर्यामुळे तत्काळ न मारणारे, परंतु शरीरात राहून कालांतराने प्रकोप पावणारे जे दूषीविष शास्त्रकारांनी वर्णिले आहे, त्याचे स्मरण येथे झाल्यावाचून राहत नाही. दोन्ही एकच आहेत असे आम्ही म्हणत नाही. परंतु वैद्याला समजावून घेण्यास ही उपमा उपयुक्त आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. ऊन दिल्याने काय होते? ओलावा घटतो व बुरशीची पुढील वाढ थांबते. परंतु आधी निर्माण झालेले विष उन्हाने विसंबून राहता येईल इतके नष्ट होत नाही. शुद्ध अफ्लाटॉक्सिन बी-१ अडीचशे अंश सेल्सिअसहून अधिक तापमानास वितळते. आपला काढा मात्र शंभर अंशांच्या आसपास उकळतो. भाजण्याने त्याचे प्रमाण काहीसे घटते, पण नाहीसे होत नाही. फडक्याने पुसल्यास बीजाणू जातात, गाभ्यात झिरपलेले विष जात नाही. या विषाला ओळखता येईल असा रंग, गंध वा रुची नाही. तात्पर्य, पुसून व वाळवून आपण द्रव्याचा दोष घालवीत नाही, तर तो ओळखण्याची खूण तेवढी घालवितो. आमच्या अंगणातील त्या सुंठीच्या बाबतीत नेमके हेच झाले होते.

सर्वच बुरशी शत्रू नव्हे

विवेचन एकांगी होऊ नये म्हणून दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. आसवारिष्टांतील संधान ज्या किण्वामुळे होते, ते किण्व म्हणजेही एक बुरशीच होय. धातकीपुष्पांबरोबर ते संधानपात्रात येते. अगरु हे सुगंधी द्रव्य निरोगी वृक्षात जवळजवळ नसते. ईशान्य भारतातील त्या वृक्षाला जखम होऊन बुरशीची लागण झाली म्हणजे स्वसंरक्षणार्थ तो जी राळ निर्माण करतो, तिनेच लाकूड काळे व सुगंधी होते. बाजरीच्या कणसावर मधासारखा चिकट स्राव येऊन दाण्याच्या जागी काळसर शिंगे तयार होतात, तो अरगट रोग. अशी बाजरी खाण्यात आल्यास मळमळ, वांती, भोवळ व ग्लानी येते. मात्र राय या धान्यावरील त्याच जातीच्या बुरशीपासून प्रसूतीनंतरचा रक्तस्राव थांबविणारे औषध आधुनिक वैद्यकाने मिळविले. बाजरीच्या बियाण्यासाठी आपल्या शेतकऱ्यास शिकविलेला उपाय किती साधा आहे पाहा : २० टक्के मिठाच्या द्रावणात बियाणे ओतावे, तरंगणारे हलके व रोगट दाणे काढून टाकावेत, तळाचे बियाणे दोन-तीनदा स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत वाळवावे.

तेव्हा द्रव्य विषारी की औषधी, हे युक्तीवर अवलंबून आहे, हा आपला सिद्धान्त येथेही लागू पडतो. परंतु युक्ती म्हणजे ज्ञानपूर्वक केलेली योजना. भांडारात आपोआप आलेली बुरशी ही योजना नव्हे.

क्षेत्रावरील उपाय

आपल्यापैकी अनेक जण स्वतः औषधी वनस्पतींची लागवड करतात किंवा शेतकऱ्यांकडून करवून घेतात. त्यांच्यासाठी काही गोष्टी संक्षेपाने सांगतो. बेणे निरोगी शेतातील घ्यावे. आले, हळद, सफेद मुसळी यांसारख्या कंदपिकांस गादीवाफा व पाण्याचा निचरा हाच प्रथम उपाय आहे. त्याच जमिनीत तेच पीक लागोपाठ घेऊ नये. शेणखतात ट्रायकोडर्मा ही उपकारक बुरशी मिसळून दिल्यास जमिनीतील रोगकारक बुरशीस आळा बसतो. रोगट पाने व फळे बागेत पडू देऊ नयेत.

फवारणी करावयाची झाल्यास बोर्डो मिश्रण हा जुना व बहुपरीक्षित उपाय आहे. फ्रान्समधील बोर्डो परिसरात रस्त्याकडेच्या द्राक्षवेलींवर चोरट्यांना परावृत्त करण्यासाठी मोरचूद व चुना शिंपडीत असत; त्या वेली केवड्यापासून वाचल्याचे मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लक्षात आले व १८८५ मध्ये त्याने हा उपाय प्रसिद्ध केला. मोरचूद म्हणजे आपले तुत्थ. एक टक्का मिश्रणासाठी १ किलो मोरचूद व १ किलो कळीचा चुना वेगवेगळ्या पाण्यात विरघळवून एकूण १०० लिटर मिश्रण करावे. पात्र लोखंडाचे नसावे. मिश्रणात स्वच्छ लोखंडी पाते क्षणभर बुडवावे. त्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला असे समजून आणखी चुन्याची निवळी घालावी. मात्र ज्या पानांचा किंवा फळांचा औषधात उपयोग व्हावयाचा आहे, त्यांवर काढणीच्या आसपास कोणतीही फवारणी करू नये आणि पुरवठादाराकडून फवारणीची नोंद मागून घ्यावी.

भांडारातील आचार

खरेदी, साठवण व त्याग या तिन्ही टप्प्यांवर पुढील नियम पाळावेत, अशी आमची विनंती आहे.

१. पोत्याच्या तोंडाशी असलेला माल पाहून निर्णय करू नये. वरून, मधून, तळातून आणि कडेने असे नमुने घेऊन एकत्र करावेत. बुरशीचे विष मालात सर्वत्र सारखे नसते. एखादाच तुकडा अतिदूषित असतो व बाकीचे निर्दोष असतात. म्हणून लहान नमुना फसवितो.

२. प्रत्येक नमुन्यातील काही तुकडे मोडून भिंगाखाली गाभा पाहावा. कुबट वास, करडा गाभा, रंगीत थर यांपैकी एकही लक्षण असल्यास माल परत करावा. निवडून वापरण्याचा मोह धरू नये.

३. ओलाव्याचे मापन करावे. द्रव्य १०५ अंश सेल्सिअसला वजन स्थिर होईपर्यंत वाळवून घट काढणे ही सोपी रीत आहे. मात्र सुंठीसारख्या सुगंधी द्रव्यात तेलही उडून जाते व घट वाजवीपेक्षा अधिक दिसते. तेथे प्रयोगशाळेतील ऊर्ध्वपातनाची रीत योग्य ठरते.

४. पोती जमिनीवर व भिंतीला टेकून ठेवू नयेत. लाकडी फळ्यांवर ठेवून भोवती वारा खेळेल इतकी जागा सोडावी. चरकोक्त शिंक्यांमागील हेतू हाच होता. पावसाळ्यात दमट हवेच्या दिवशी खिडक्या उघडून 'वारा देणे' म्हणजे ओलावा आत घेणे होय.

५. अर्धवट वाळलेले किंवा उन्हातून आणलेले गरम द्रव्य प्लास्टिकच्या पिशवीत बंद करू नये. आतल्या आत पाणी सुटून दोन दिवसांत बुरशी येते. द्रव्य थंड होऊ द्यावे, मगच हवाबंद करावे.

६. प्रत्येक पोत्यावर आल्याची तारीख व शक्य तर काढणीचा हंगाम लिहावा. शार्ङ्गधरांनी सामान्यतः औषधी द्रव्याचे सामर्थ्य एक वर्ष व चूर्णाचे दोन महिने सांगितले आहे. चूर्ण लागेल तसे करावे. पावसाळ्यापूर्वी वर्षाची बेगमी म्हणून दळून ठेवू नये. चूर्ण झाल्यावर गाभा पाहण्याची सोय राहत नाही.

७. औषधनिर्मितीसाठी २००० मध्ये अधिसूचित झालेल्या 'शेड्यूल टी'मध्ये कच्च्या मालाची स्वतंत्र साठवण व नोंदी अपेक्षित आहेत. या नोंदी निरीक्षकासाठी नसून स्वतःसाठी आहेत असे समजून ठेवाव्यात. बुरशीप्रवण द्रव्यांची मोठी खरेदी असेल तर मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून अफ्लाटॉक्सिनची चाचणी करून घ्यावी.

८. टाकून दिलेले द्रव्य गुरांना घालू नये. दूषित पेंड किंवा वैरण खाल्लेल्या गाईच्या दुधात हेच विष रूपांतरित होऊन उतरते आणि दुधाच्या रूपाने पुन्हा आपल्याच घरी येते. असा माल पुरून किंवा जाळून नष्ट करावा व हाताळताना नाका-तोंडावर कापड बांधावे.

समारोप

एक पोते फेकून देणे लहान औषधालयाला परवडत नाही, याची आम्हाला जाणीव आहे. आमच्या त्या सुंठीचे मूल्यही त्या महिन्याच्या मिळकतीच्या मानाने थोडे नव्हते. व्यापाऱ्याने माल परत घेतला नाही; 'पावसाळ्यात असे चालायचेच' एवढेच उत्तर मिळाले. संध्याकाळी परसात खड्डा खणून आम्ही ते पोते पुरले. पुढल्या हंगामापासून त्याच शेतकऱ्यांकडून, त्यांच्या शेतात उभे राहून, निवडलेले आले घेतो व डोळ्यांसमोर वाळवून घेतो. दर अधिक पडतो. परंतु तेव्हापासून श्रावणातील उन्हाची वाट पाहावी लागलेली नाही.

रुग्ण आपल्याकडून पुडी घेतो तेव्हा ती उघडून पाहत नाही. पाहिली तरी त्याला गाभा दिसणार नाही, कारण तो दळला गेलेला असतो. तो गाभा पाहण्याचे काम त्याने आपल्यावर सोपविले आहे. येत्या पावसाळ्यापूर्वी प्रत्येक वैद्यबंधू-भगिनीने व औषधनिर्मात्याने आपल्या भांडारातील सुंठ, ज्येष्ठमध आणि जायफळ यांचे किमान दहा-दहा तुकडे मोडून पाहावेत, एवढीच आमची प्रार्थना आहे.